निमाडातल्या गावात राहतो, मुलांना सरकारी शाळेत ठेवू, इंदूरला पाठवू की पुण्याला?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मध्य प्रदेशात, बडवानी जिल्ह्यातल्या सेंधव्यापासून आत एका गावात राहता, घर तीन पिढ्यांपासून तिथेच, शेती आणि किराणा दुकान. मुलगी आठवीत, गावच्याच सरकारी शाळेत, पहिलीपासून तिथेच. मुलगा पाचवीत, सेंधव्याच्या प्रायव्हेट इंग्लिश मिडियमला. नणंदबाई म्हणतात दहावी झाली की मुलीला पुण्याला आमच्याकडे पाठवा, मिस्टरांचं म्हणणं इंदूरला हॉस्टेलला टाकू आणि कोचिंग लावू, आणि सासरे म्हणतात गावात बारावीपर्यंत शाळा आहे, मग पोरीला बाहेर काढायचंच कशाला. मुलीला डॉक्टर व्हायचंय पण गणितही आवडतं.

मी निमाडातल्या सरकारी हायर सेकंडरी शाळांमध्ये बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, प्राचार्य म्हणून रिटायर झाले, आता इंदुरात रामबागेत असते आणि बडवानी, खरगोन, झाबुआकडची मुलं-पालक अॅडमिशनच्या दिवसांत घरी येतात त्यांना फॉर्म भरायला मदत करते. तेव्हा जे सांगतेय ते ह्या कामातून सांगतेय.

पहिली गोष्ट, सरकारी चांगली की प्रायव्हेट चांगली ह्या वादात पडूच नका, त्यातून काही निघत नाही. आपल्या मध्य प्रदेशात प्रश्न वेगळा आहे. सहावी ते बारावी मूल कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर होतं, ह्यावर पुढची बरीच दारं उघडतात नाहीतर बंद होतात, आणि गावातल्या पालकांना हे कोणी वेळेवर सांगतच नाही, कळतं ते बारावीनंतर काउन्सेलिंगच्या (सीटा वाटायच्या) वेळी, जेव्हा काहीच करता येत नाही.

डॉक्टरकीचंच घ्या. २०२३ पासून आपल्या राज्यात एमबीबीएसच्या ५ टक्के सीटा सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी राखीव आहेत, अट अशी की सहावी ते बारावी नियमित सरकारी शाळेत शिकलेलं हवं (आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत जागेवर, प्रायव्हेटमध्ये आठवीपर्यंत शिकून मग नववी ते बारावी सरकारीत केलेल्यांनाही त्यात धरलंय). ह्या कोट्यात सुरुवातीला एक अन्याय होत होता, सरकारी शाळेतल्या एससी-एसटी-ओबीसी मुलांना जास्त मार्क असूनही ओपनच्या सीटा देत नव्हते, तेव्हा मुलं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की मेरिटमध्ये येत असतील तर त्यांना त्या सीटा द्याव्याच लागतील. ह्या कोट्यात नीटचा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) कटऑफ जनरल यादीपेक्षा खाली येतो, आणि गावातल्या मुलीला जनरल यादीत शहरातल्या दोन-दोन वर्षं ड्रॉप घेतलेल्या मुलांशी झुंजावं लागतं, ते इथे बऱ्यापैकी टळतं. तुमची मुलगी आत्ता ह्या कोट्यात अगदी बरोबर बसतेय. तुम्ही तिला अकरावीला इंदूरच्या एखाद्या प्रायव्हेट शाळेत 'डमी' म्हणून नाव घालून कोचिंगला बसवलं, की ही साखळी तुटली. परत जोडता येत नाही. कोचिंगवाला हे सांगणार नाही, त्याला सांगायचं कारणच नाही.

आता पुणं. नणंदबाईंच्या मनात मायाच आहे, त्याबद्दल शंका नाही, पण हिशोब बघा. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात आणि वर तिथलं डोमिसाइल. अपवाद आहेत पण ते ठराविक नोकऱ्यांतल्या लोकांच्या मुलांसाठी, किराणा दुकानदाराच्या मुलीसाठी नाहीत. तिची दहावी एमपीची, म्हणजे तिथे ती राज्य कोट्यात नाही. इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात थोडी सवलत आहे, आई किंवा वडलांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर चालतं, पण तुम्ही तीन पिढ्या इथलेच, तेही नाही. जातीचा दाखला असेल तर तो मध्य प्रदेशचा, महाराष्ट्रात आरक्षणाला धरत नाहीत. आणि इकडचं काय जातं ते पण मोजा. एमपीची मूल निवासी (म्हणजे इथलं डोमिसाइल असलेली) म्हणून मेडिकलच्या काउन्सेलिंगला बसता येईल, तेवढं शाबूत राहतं, पण ५ टक्क्यांचा कोटा गेला. महाराष्ट्र बोर्डातून बारावी केली तर मेधावी योजना गेली, त्याबद्दल खाली लिहिते. आणि एनआयटीमध्ये (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत) होम स्टेट ठरतं ते बारावी कुठून केली त्यावरून, डोमिसाइलवरून नाही, म्हणजे भोपाळच्या मॅनिटमधल्या अर्ध्या सीटांवरचा तिचा हक्क जाऊन ती नागपूरच्या व्हीएनआयटीच्या रांगेत महाराष्ट्राची म्हणून उभी राहणार. कोटा शहरात कोचिंगला पाठवून राजस्थानच्या शाळेतून बारावी करवली तरी तेच, मग होम स्टेटला जयपूरची एनआयटी. काही मुलांना ते परवडतं, पण हे माहीत असून करणं वेगळं आणि नंतर कळणं वेगळं.

मेधावी योजना म्हणजे मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना, २०१७ पासूनची. एमपी बोर्डाच्या बारावीत ७० टक्के हवेत, सीबीएसई-आयसीएसईवाल्यांना ८५ टक्के. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण 'सीबीएसई म्हणजे भारी' म्हणून गावातले लोक जमीन गहाण टाकतात. घराच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, ती त्या वर्षीच्या पोर्टलवर बघायची. जेईई मेनमध्ये (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत) दीड लाखाच्या आत रँक आली तर सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची फी सरकार भरतं, प्रायव्हेट असेल तर दीड लाखापर्यंत किंवा खरी फी, जी कमी असेल ती. एमबीबीएसला पण आहे, तिथे पुढे ग्रामीण भागात सेवा करण्याचा बॉन्ड लिहून द्यावा लागतो. शिवाय बोर्डाच्या बारावीत ७५ टक्क्यांच्या वर गेलात तर लॅपटॉपसाठी २५,००० रुपये खात्यात येतात.

इथवर वाचून सासऱ्यांना वाटेल आपलंच बरोबर. थांबा. गावची शाळा आठवीपर्यंत चांगली चालत असेल म्हणजे अकरावी-बारावी सायन्सला चांगली असेलच असं मुळीच नाही. पाटीवर 'उच्चतर माध्यमिक' लिहिलेलं असतं पण आत फिजिक्सचा माणूस आहे का? वर्ग एकचा (म्हणजे अकरावी-बारावीसाठीचा) नियमित शिक्षक आहे की तात्पुरता नेमलेला अतिथी शिक्षक? अतिथी शिक्षकांना मी नावं ठेवत नाही, माझ्या हाताखाली काही इतके जीव तोडून शिकवणारे होते की नियमितवाल्यांनी बघून घ्यावं, पण त्यांच्या नेमणुका उशिरा होतात, कधी ऑगस्ट संपतो, तोवर वर्गात विषयाचा तास रिकामा, मग घाईघाईने चॅप्टर उडवतात. गणित समूह आणि जीवविज्ञान समूह दोन्ही खरोखर चालतात की फक्त कागदावर, हे पण विचारा. बऱ्याच गावांत कला आणि कृषीच चालतं आणि सायन्सला सात-आठ मुलं नावापुरती असतात.

हे तपासायचं कसं, तर प्राचार्यांना विचारून नाही. बारावी सायन्सच्या एखाद्या मुलीची फिजिक्सची प्रॅक्टिकलची कॉपी, म्हणजे वही, मागून घ्या. पहिला प्रयोग, दुसरा, तिसरा, प्रत्येकाखाली लाल शाईत सही आणि तारीख असते. तारखा जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर अशा पसरलेल्या असतील, मधेच कुठे रीडिंग खोडून परत लिहिलेलं असेल, ग्राफवर पेन्सिलचे डाग असतील, तर तिथे खरंच प्रयोग होतात. सगळ्या सह्या जानेवारीतल्या एकाच दिवसाच्या असतील आणि सगळ्या मुलांचं स्फेरोमीटरचं रीडिंग दशांशापर्यंत सारखं असेल, तर लॅबचं कपाट वर्षभर उघडलेलं नाही असं समजा. एका शाळेत मी पोस्टिंगवर गेले तेव्हा त्या कपाटाची किल्लीच कोणाकडे आहे हे सापडेना, शेवटी कुलूप तोडलं, आत सगळं सामान खोक्यात जसंच्या तसं, थर्मोकोलसकट. मुलं तोवर बारावी पास होऊन गेलेली. मला आजही त्या बॅचचं वाईट वाटतं.

तर गावची शाळा अशी निघाली तर काय. तरीही सरकारी साखळी न तोडता वर जाता येतं. प्रत्येक जिल्ह्याला एक उत्कृष्ट विद्यालय आहे, नववीपासून, प्रवेश परीक्षेने, ती परीक्षा राज्य ओपन स्कूल घेतं, फॉर्म थंडीत निघतात. इंदूरचं बाल विनय मंदिर हे त्यातलंच, तुम्हाला बडवानीचं जवळ. तिथे जायचं तर आत्ता आठवीतच परीक्षा द्यायची, दहावीनंतरचा विचार उशिराचा आहे. दुसरं, सीएम राइज शाळा, ज्यांचं २०२५ मध्ये सांदीपनि विद्यालय असं नाव केलं. इमारती, लॅब, बस असं सगळं धरून ह्या शाळा काढल्यात, केजी ते बारावी. रतलामच्या विनोबा सीएम राइजला २०२४ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' स्पर्धेत इनोव्हेशनचा पहिला नंबर मिळाला, जगभरातल्या शाळांमधून, आणि ती काही नवी कोरी बांधलेली श्रीमंत शाळा नव्हे, साध्या वस्तीतल्या मुलांची सरकारी शाळा आहे. सगळ्याच सांदीपनि तशा आहेत असं नाही, म्हणून कॉपीवाली तपासणी तिथेही करा. तिसरं, दहावीनंतर सुपर १००. सरकारी शाळेतल्या हुशार मुलांना परीक्षेतून निवडून इंदूरला मल्हार आश्रममध्ये आणि भोपाळला सुभाष उत्कृष्टमध्ये ठेवतात, राहणं-जेवण-शिकवणी, जेईई-नीटची तयारी सगळं मोफत. मिस्टरांना इंदूरच हवं असेल तर हा त्यावरचा खरा रस्ता, आणि अकरावी-बारावी सरकारीतच होते. सीटा थोड्या आहेत, दहावीचा अभ्यास मात्र त्या हिशोबाने करावा लागेल.

आठवीतच आणखी एक परीक्षा आहे जी गावात बऱ्याच मुलांना कळतच नाही, एनएमएमएस, केंद्राच्या स्कॉलरशिपची. सातवीत ५५ टक्के, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं मूल. पास झालं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. दोन पेपर, बुद्धिमत्ता आणि विषय, ९०-९० प्रश्न. जनशिक्षकाला (आसपासच्या सरकारी शाळांचं काम बघणाऱ्याला) किंवा हेडसरांना उद्याच विचारा फॉर्म भरला का. आणि ही स्कॉलरशिप पण प्रायव्हेटमध्ये गेलं की बंद.

गाव की बेटी योजनेबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. गावातल्या शाळेतून बारावी फर्स्ट डिव्हिजन झालेल्या मुलीला कॉलेजात महिन्याला ५०० रुपये, १० महिने. बडवानीच्या उत्कृष्टला गेली तर ते मिळणार नाही, बरोबर आहे. पण वर्षाच्या पाच हजारांसाठी फिजिक्सचा शिक्षक सोडू नका. शिक्षक आधी.

मुलाकडे वळते, कारण मला वाटतं खरा निर्णय आत्ता त्याचा आहे, मुलीचा नाही. तो पाचवीत, म्हणजे सहावीला साखळी सुरू करायची शेवटची सोपी संधी. चांगली सांदीपनि शाळा बसच्या टप्प्यात असेल तर सहावीला तिथे हलवायचा विचार करा. घरात लोक बोलतील, इंग्लिश मिडियममधून काढून सरकारीत घातलं म्हणून. बोलू देत. नवोदयही आहे, सहावीला, पूर्ण निवासी आणि मोफत, एका शाळेत ८० सीटा, त्यातल्या निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. पण इथे एक गोम आहे, ग्रामीण कोट्यात बसायला तिसरी, चौथी, पाचवी ह्या तिन्ही वर्षी गावच्या हद्दीतल्या शाळेत शिकलेलं लागतं, आणि तुमचा मुलगा घर गावात असून शिकतोय सेंधवा नगरपालिकेत, तेव्हा तो शहरीत मोजला जाणार. तरी फॉर्म भरा. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, त्यातले ४० नुसते बुद्धिमत्तेचे, बाकी गणित आणि भाषा. मुलीसाठी नवोदयला नववीतही थोड्या जागा भरतात, पण त्या रिकाम्या राहिलेल्या असतात म्हणून भरवसा ठेवू नका.

बारावीच्या पुढचं. लोकांना वाटतं डॉक्टर नाही झाली तर इंजिनिअर, तेही नाही तर बीए आणि लग्न. हे मधलं सगळं कुठे गेलं? इंदुरात एसजीएसआयटीएस आहे १९५२ चं, देवी अहिल्या विद्यापीठाचं आयईटी आहे, दोन्ही इंजिनिअरिंगची, जेईई मेनच्या रँकवर राज्याच्या काउन्सेलिंगमधून, आणि मेधावी लागू. विद्यापीठाच्या खंडवा रोडच्या कॅम्पसमधल्या बऱ्याच कोर्सेसना सीयूईटी (विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) द्यावी लागते, तिचा फॉर्म बारावी चालू असतानाच निघतो, गावातली मुलं इथेच चुकतात कारण त्यांना वाटतं रिझल्ट लागल्यावर बघू. होळकर सायन्स कॉलेज १८९१ चं, बीएससीला आजही इंदूरच्या जवळपास कुठल्याही प्रायव्हेट कॉलेजपेक्षा मी तेच सांगेन, तिथे ई-प्रवेश पोर्टलवरून बारावीच्या मार्कांवर नंबर लागतो. मुलींसाठी मोती तबेल्यातलं माता जीजाबाई कॉलेज, जुन्या लोकांना ओल्ड जीडीसी म्हणून माहीत असेल.

इंदूरला पाठवायचंच नसेल तर बडवानीला शहीद भीमा नायक कॉलेज आहे, जे २०२४ मध्ये पीएम एक्सलन्स कॉलेज झालं, प्रत्येक जिल्ह्यात एक असं केलंय, ५५ जिल्ह्यांत ५५. आणि हे लक्षात असू द्या की तुमच्या भागातली कॉलेजं आता इंदूरच्या विद्यापीठात नाहीत, २०२४ पासून खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झालंय, परीक्षा-मार्कशीटची कामं तिकडे. पोरांना उगाच इंदूरला खेपा घालायला लावू नका.

शेती घरची आहे म्हणता, मग बीएससी अॅग्रीकल्चर बघितलंत का? त्याची प्रवेश परीक्षा पीएटी, ती राज्याचं कर्मचारी चयन मंडळ घेतं, बायो आणि मॅथ्स दोन्हीवाले बसू शकतात, सरकारी कॉलेजं इंदूरला आणि खंडव्याला, दोन्ही ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाची. जनावरांची आवड असेल तर महूचं व्हेटर्नरी कॉलेज. शिक्षिका व्हायचं असेल तर भोपाळचं आरआयई, एनसीईआरटीचं, बारावीनंतर चार वर्षांत डिग्री आणि बीएड एकत्र, आणि आपला पश्चिम विभाग त्यांच्याचकडे येतो. एक सांगून ठेवते, २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्राथमिक शिक्षक व्हायला बीएड चालत नाही, डीएलएड (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) लागतं, तेव्हा कोणी 'कुठलंही बीएड करून टाका' म्हणाला तर आधी विचारा कुठल्या वर्गाला शिकवायचंय.

आणि मुलाला पुढे पुस्तकापेक्षा हाताचं काम आवडलं तर दहावीनंतर इंदूरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा टूल अँड डायचा (कारखान्यांचे साचे-अवजारं बनवायचा) डिप्लोमा आहे, चार वर्षांचा. पिथमपूरच्या कारखान्यांना अशी मुलं हवीच असतात. माझ्या वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारी काही मुलं तिथून निघून आज घर चालवतायत, बहिणींची शिक्षणं करतायत.

भाषेची भीती तुम्ही लिहिलीय, घरात मराठी, शाळेत हिंदी, पुढे इंग्रजी कसं झेपणार. एमपी बोर्डाला अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, नुसती हिंदीत, म्हणजे नीट-जेईईचा सिलॅबस तोच. तेव्हा नववीपासून एक काम करा, त्याच चॅप्टरचं इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवायचं, फ्रीमध्ये डाउनलोड होतं, आणि प्रत्येक धड्याचे शब्द दोन्हीकडून लिहायचे. नीट परीक्षा मराठीतही असते, पण ती महाराष्ट्रातल्या सेंटरवरच, आणि तिचे शब्द हिंदी शाळेचे असणार, म्हणून पेपरसाठी हिंदीच निवडा. एमबीबीएसची हिंदी पुस्तकं राज्याने २०२२ मध्ये काढली, पहिल्या वर्षाला आधार म्हणून ठीक आहेत.

शेवटचं पण सगळ्यात जास्त मुलं जिथे अडकतात ते, कागद. गेल्या अॅडमिशनच्या दिवसांत निवालीकडची एक मुलगी आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट घडी घालून आणलेले, मार्क उत्तम. आधारवर पाटील, समग्रमध्ये (राज्याच्या कुटुंब-नोंदणीत) पाटिल, दहावीच्या अंकसूचीत (मार्कशीटवर) आईचं नाव अर्धवट, आणि बँकेचं खातं आधारला लिंक नाही. स्कॉलरशिपचा फॉर्म पोर्टल घेईचना. पोरगी रडकुंडीला आली, तिचे वडील मजुरी बुडवून तीनदा सेंधवा-इंदूर करून थकलेले. म्हणून तुम्ही मुलीची नववीची अॅडमिशन होण्याआधी आधार, समग्र आणि शाळेचा दाखल-खारिज (प्रवेशाचं रजिस्टर) तिन्ही समोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा, कारण नववीत बोर्डाचं नामांकन (नाव-नोंदणी) होतं आणि तिथे जे नाव चढतं तेच पुढे अंकसूचीवर येतं. समग्रची सदस्य आयडी ९ आकड्यांची असते, कुटुंबाची ८ आकड्यांची, फॉर्मवर बहुतेक वेळा सदस्याची लागते. मूल निवासी आणि उत्पन्नाचा दाखला लोकसेवा केंद्रातून आत्ताच काढून ठेवा, जून-जुलैत तिथे उभं राहायला जागा नसते. सहावीपासून नियमित शिकल्याचं प्रमाणपत्र लागेल, त्यासाठी दरवर्षीच्या अंकसूच्या एका फाइलमध्ये ठेवा, आठवीची पण, ती कोणी जपत नाही.

बोर्ड बदलायचा असेल तर तो नववीला नाहीतर अकरावीला, दहावी किंवा बारावीच्या मधे शाळा बदलायला जाऊ नका, फार हाल होतात.

तर ताई, ह्या महिन्यात एवढं करा. एनएमएमएसचा फॉर्म भरला का ते बघा, बडवानीच्या उत्कृष्टच्या परीक्षेची तारीख हेडसरांकडून कळवून घ्या, आणि गावातल्या बारावीच्या मुलीची प्रॅक्टिकलची कॉपी मागा. सासऱ्यांनाही ती दाखवा. कॉपीत काय निघालं ते मला लिहा, मग अकरावीचं ठरवू.